तंगी

दस्तगीर नदाफ घोडीशी कन्नडात बोलायचा,
गिऱ्हाइकाशी मराठीत,
हरल्यावर कुणाशीच नाही.

निपाणीच्या स्टँडावर त्याचा टांगा शेवटचा.
सहाआसनी आल्या, बाकीच्यांनी घोडी विकली;
यानं छत उतरवलं, दांड्या तासून हलक्या केल्या,
मोपेडची चाकं बसवली
आणि गळतग्याच्या माळावर पहाटे चारला
तिला चालायला शिकवू लागला.

पळायला नाही. पळणं तिला येतच होतं.
"पळतंय की कुठलंबी जनावर.
दुडकीत ऱ्हायलं तर शर्यत, उधळलं की बाद."

मी अकरा वर्षांचा. हरभरा भिजवायचा, लीद काढायची,
आणि गाडीत मागं पाय सोडून बसायचं, कान देऊन:
चार पायांचे दोनच आवाज.
तिसरा आला की ओरडायचं.
मी ओरडलो की तो लगाम ओढायचा नाही,
नुसतं म्हणायचा, "मेल्लग, तंगी, मेल्लग."
वेग तोच राहायचा, घोडी शांत व्हायची.
हे कसं, मला अजून सांगता येत नाही.

तंगी म्हणजे कन्नडात धाकटी बहीण.
मराठीत काय, ते माईकवाला पुकारायचा
तेव्हा अख्खं मैदान हसायचं.
दोन्ही खरंच हाय, चाची म्हणाली,
पाटल्या गहाण ठेवून आली त्या दिवशी.

सदलग्याला जिंकला. बेडकिहाळला दोनदा.
बोरगावात चाक निखळलं,
मनगट वाकडंच जुळलं.

मग चिकोडी रस्त्यावरची ती शर्यत.
पंचांची जीप मागं धुळीत राहिलेली,
पुढं कुणीच नाही, निशाण दिसत होतं.
मला तिसरा आवाज आला. एकदाच.
मी ओरडलो नाही.

त्यानं वाकडा हात वर केला
आणि गाडी कडेला घेतली.
लोकांनी मराठीत शिव्या दिल्या, कन्नडातही.
बक्षीस मोटरसायकल होती.

अकोळच्या फाट्यापर्यंत तो गप्प.
वखारीतून तंबाखूचा वास येत होता.
"ऐकलास न्हवं?"
"व्हय."
"मग?"

एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही.

आता लगाम माझ्याकडे आहे, घोडी तंगीची नात,
मागं पाय सोडून माझी पोरगी बसते.
परवा ती ओरडली.
मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.
तरी मी म्हणालो, मेल्लग.