डाव्या फेऱ्याचं इंजिन

लेआंद्रकाका दारात उभे राहिले, टोपी हातात,
आणि म्हणाले, हेड हवंय.
बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते,
दोघांतल्या अबोल्याला एकोणीस वर्षं.

पब्निकोच्या धक्क्यावर कुणालाही विचारा:
आजोबांची बोट दोन पंख्यांची,
पोटात दोन इंजिनं, चार-चार सिलिंडरची,
एका मुशीतली, एकाच हिरव्या रंगाची,
नंबरसुद्धा पाठोपाठचे.
एक उजवीकडे फिरायचं, एक डावीकडे,
म्हणून बोट सरळ जायची.

वाटणीत लाकूड कुणीच मागितलं नाही, ते जाळलं.
उजवं काकांनी नेलं, डावं बाबांनी.
तेव्हापासून दर नोव्हेंबरात
लॉबस्टरचे पिंजरे रचून
दोन बोटी एकाच खाडीतून निघायच्या
आणि दोन्हींच्या सुकाणूला
सतत जरासा हात लावून ठेवावा लागायचा,
एकीला इकडून, एकीला तिकडून.

मी आकडे बाबांच्या इंजिनावर शिकले:
एक, दोन, चार, तीन.
ठिणगी त्याच क्रमानं पडते.
शाळेत तसंच म्हटलं, तर वर्ग हसला;
फक्त काकांचा ओनेझीम
गंभीरपणे म्हणाला, चूक.
एक, तीन, चार, दोन.

शेडमध्ये मी दिवा लावला.
थंडीनं पाने हाताला चिकटत होते.
हेडचे बोल्ट बाबा सोडवायचे तसेच सोडवले,
मधून बाहेर, पाव-पाव फेरा.
काकांनी झाकण उचललं, बोट फिरवलं कडेनं,
खारं पाणी कुठे खातं ते बघितलं.
चांगलं ठेवलंय, म्हणाले.
इंजिनाला म्हणाले.

मग त्यांची नजर भिंतीवर गेली.
फळीवर बाबांची पेन्सिल, दोन रांगा.
त्याला चालेल:
हेड, गॅस्केट, कनेक्टिंग रॉड, तेलाचं पात्र,
कार्ब्युरेटर (जुना, पितळी).
त्याला चालणार नाही:
कॅमशाफ्ट. स्टार्टर. डिस्ट्रिब्यूटर.
शेवटी, नंतर कधीतरी लिहिलेलं:
मागचं सील. बघितलं. आटे उलटे.

बघितलं म्हणजे कधी?
काकांच्या बोटीवर बाबा कधी चढले?
मी विचारलं नाही. काकाही वाचत राहिले,
खोडलेल्या ओळीसकट,
ओठ हलवत, मुलं वाचतात तसे.

बाहेर भरती लागली होती.
आम्ही गाडीत पहिली रांग भरली,
वस्तू वस्तूला घासू नये म्हणून
मध्ये बाबांची जुनी स्वेटरं घातली.
पैशांचं बोलणं निघालं,
मी नको म्हटलं, त्यांनी बाकावर ठेवले,
मी परत खिशात कोंबले, त्यांनी परत ठेवले.

मग ते शेडमध्ये गेले आणि स्टार्टर घेऊन आले.
नऊ-दहा किलोचा असेल, छातीशी धरून.
काका, मी म्हटलं, हा उलटा फिरतो.
उलटा फिरतो, ते म्हणाले,
आणि पुढच्या सीटवर ठेवला,
पट्टा ओढून लावला त्याला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं इतकं
की धक्क्याचं टोक दिसत नव्हतं.
त्यांचं इंजिन दोनदा खोकलं,
मग लागलं.
मी खिडकीत उभी राहून मोजत होते,
बाबांच्या हेडखाली ठिणग्या:
एक, तीन, चार, दोन.
टोपी ते विसरले होते.
ती मी फळीच्या खिळ्याला अडकवली,
दोन रांगांच्या मध्ये.