तांदळाएवढी जागा

एकतीस वर्षं भोसरीत मापं तपासली.
शतांश मिलिमीटर चुकला की लाल चिठ्ठी,
ट्रे बाजूला, ऑपरेटरचं तोंड बाजूला.
लोखंड ऐकतं. तापलं तर किती वाढेल
हे तक्त्यात लिहिलेलं असतं.

निवृत्तीनंतर धायरीत, पार्किंगच्या कोपऱ्यात
स्वतःसाठी कामाचं टेबल करायला घेतलं.
सागाचा भाव ऐकून ऐन घेतला,
टिंबर मार्केटातून सात फळ्या, टेम्पोत तिरक्या.
भाद्रपद होता. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते,
तेवढ्यावरून कळायला हवं होतं.
शिकंजे आवळले, बोटांना फेविकॉल,
अँगलच्या सांगाड्यावर सोळा स्क्रू, करकचून.
गुण्या लावला. काटकोन.
स्वतःच स्वतःला पास केलं.

होळीच्या आधी दोन दिवस
रात्री अडीच वाजता काहीतरी फुटलं.
वॉचमन ओव्हाळ टॉर्च घेऊन गाड्यांच्या काचा बघत फिरले.
काच नव्हती.
चौथ्या फळीला टोकापासून वीतभर चीर,
फीलर गेज घातला : एक पूर्णांक दोन.
पोलादी पट्टी आडवी ठेवली
तर खालून मधोमध उजेड,
आणि पेन्सिल सोडली की घरंगळत मध्यावर,
कुणी हाक मारल्यासारखी.

वेलजीभाईंनी मोबाइलमधला फोटो पाहिला नाही.
उरलेला तुकडा मागितला,
थुंकी लावून त्याचं तोंड पुसलं, आतली वळणं दाखवली.
"सगळ्यांची पाठ एकीकडे केलीत, ताई,
व्याख्यानाला बसवल्यासारखी. एक वाकली की सातही.
आणि वर सोळा स्क्रू!
आकसायचं म्हटलं तर जागा कुठाय?"
किती जागा, मी विचारलं. टॉलरन्स सांगा.
वहीतून मान वर न करता म्हणाले,
"तांदळाएवढी."

कुठला तांदूळ, ते विचारायचं राहिलं.
घरी येऊन डब्यातला आंबेमोहर मोजला. साडेपाच.
मग गोल कानस घेऊन एकेक भोक लांबट केलं,
फळीच्या रुंदीच्या दिशेनं,
खाली वॉशर, स्क्रू घट्ट,
आणि पाव फेरा मागे.
तो पाव फेरा काही केल्या मनगटाला जमेना.
सोळांपैकी नऊ मी पुन्हा आवळले,
पुन्हा सैल केले.
रंधा तिरका धरून उचललेल्या कडा उतरवल्या.
ढलप्या ओव्हाळांनी शेकोटीला नेल्या,
चिरेला मी हात लावला नाही.

आता भिंतीवर तक्ता आहे. महिना आणि रुंदी.
फाल्गुन : सहाशे चार.
आषाढ : सहाशे सात.
श्रावण : सहाशे नऊ, चीर मिटली, नख जात नाही.
मार्गशीर्ष : परत निघालं.
शेवटचा रकाना सवयीनं आखला गेला,
स्वीकृत की नाकारलं.
तो मी भरत नाही.

पेन्सिल ठेवली तिथे राहते,
बहुतेक महिने.