मूठ खंय बघता

शिरोड्याला, घरामागच्या सुरूंच्या बनात
सावरीचा ओंडका टेकून ठेवलाय,
कापलेलं तोंड माझ्याकडे.
पाच पावलं मोजते, पाचव्याला टाच रुतवते.
अंगठा पात्याच्या पाठीवर,
मनगट कडी लावल्यासारखं बंद.
सुरी सुटते, एकच कोलांटी खाते
आणि ठक.

माझ्या मागे, पालथ्या होडीवर, बाबल.
त्याला आता लांबचं दिसत नाही.
"मूठ खंय बघता?"
वर, मी सांगते.
"जास्त फिरली. वीतभर फुडे ये."
पुढची. खाली.
"कमी फिरली. वीतभर मागे सर.
हाताक काय सांगा नको, हात शाणो आसा.
पायांक सांग."

अकरा वर्षं मी फळीला पाठ लावून उभी होते.
गुलाबी झगा, टिकल्या, श्वास पोटात.
दिव्याखाली सुरी एका फेरीत एकदाच लकाकायची.
दुसऱ्यांदा लकाकली तर संपलं,
हे मला कळत होतं.
मला कळतं, हे त्याला कळत नव्हतं.

निपाणीला कानाची पाळी गेली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या,
त्यांना वाटलं, खेळच असा आहे.
तो म्हणाला, दव होतं, मूठ ओली झाली.
मॅनेजर म्हणाला, दारू.
मी काही म्हटलं नाही,
झग्यावरचा डाग काढायला मीठ मागितलं.

आज मिठागरावरून चिकट वारा येतोय.
तिसरी सुरी लागली आणि मूठ झुकली,
जराशीच.
मी जवळ जाऊन वाकून बघत राहिले.
अशीच. तीही अशीच होती.
मान वळवली तेव्हा गालाशी,
दमून झोपलेल्या माणसाचा हात
बाजेवरून खाली यावा तशी.

म्हणजे दव नव्हतं. दारू तर तू शिवतही नव्हतास.
त्या सकाळी तंबूमागे भांडी घासताना
मी तुला सांगितलं होतं, दिवस गेलेत.
(तोच आता वास्कोला क्रेन चालवतो,
फोनवर विचारतो, आई, ह्या वयात सुऱ्या कसल्या फेकतेस?)
संध्याकाळी तू वीतभर जवळ आलास, बाबल.
चुकू नये म्हणून जवळ आलास.
सुरीला वळायला तेवढी जागा उरली नाही.

"गो, मूठ खंय बघता?"
त्याच्या हातात बशी वाजते,
चहा सांडतो, होडीच्या फळ्या पितात.
खाली, मी म्हणते.
"मगे? सांगलंय न्हय?"

सुरी उपटते. पदराने खारट ओल पुसते.
पुन्हा पाच पावलं,
आणि त्याने सांगितलेली वीत, मागे.
बशीचा आवाज तेवढाच जवळ येतो.