तिसरी वायर

बेडगच्या चढाला व्हॅन आचके द्यायला लागली,
मागं खारी-टोस्टचे ट्रे
थंडी भरल्यासारखे दात वाजवत.
मिरजेत परत येईतो दिवेलागण झालेली,
बाबालाल मुलाणी शटर ओढतच होते.

"बंद करू नको," म्हणाले, आणि कान दिला.
मग हाताला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून
एकेक वायर उपसायला लागले.
पहिली काढली, इंजिन दचकून खाली बसलं.
दुसरी काढली, विझायलाच आलं.
तिसरी काढली
आणि काही नाही.
तीच धडधड, तीच लंगडी लय.
"जी गेल्यानं काय बी फरक पडत न्हाई
ती आधीच गेलेली असतीया."

प्लग नवा घातला. काही नाही.
दुसऱ्याचा काढून तिसऱ्याला. तरी नाही.
ओल्या टोकाचा वास घेतला, मलाही दिला:
"जेवण पोचतंय हिला. चूल कोण पेटवत न्हाई."

मग त्यांनी गॅरेजचा बल्ब घालवला.

अंधारात, वायरच्या मधोमध,
जिथं खारीच्या वासानं आलेल्या उंदरानं
रबर कुरतडलं होतं,
एक निळी टाचणी
टिक्, टिक्,
पत्र्यावर उडी मारत होती.

म्हणजे होती की ठिणगी!
चढभर मी जिला शिव्या घातल्या
ती दर खेपेला वेळेवर निघत होती,
घरी पोचत नव्हती एवढंच.

दीडशे रुपये वायरचे. हाताचे घेतले नाहीत.
दोन पाकिटं खारी तेवढी मागून घेतली,
फुटलेली चालेल म्हणाले.