रविवारी बघायला येतील

गुनवोर, आधी माणसं उतरवू या,
मी म्हणाले, आणि भिंतीवरून हेलगे उतरला,
मग दोघी मुली, लोकरी टोप्यांतल्या,
मग गोठलेल्या नदीवर बसलेला कुत्रा.
खिळे मी पकडीनं काढले,
भोकांत पुट्टी भरली, बोटानं सारखी केली.
चौतीस भोकं. तिनं मोजली, मी नाही.

हे माझं काम. उमेओत जानेवारीत
तीनलाच दिवस मावळतो, म्हणून दिवे हवेत,
एका खोलीत पाच तरी, सगळे पिवळसर.
हेरिंगचा वास नको. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या नकोत.
दात घासायचा ब्रश एकच असेल तर तोही नको,
एकटं माणूस दिसलं की बोली उतरते.

तिची खुर्ची तळघरात गेली,
हात टेकायच्या जागी कापड विरलेली.
तिथे भाड्याचा सोफा आला, राखाडी,
या महिन्यातलं त्याचं हे तिसरं घर.
काचेच्या वाडग्यात सात लिंबं. कापायची नाहीत.
टेबलावर सहा ताटं मांडली तेव्हा
"कोण येणारंय?" तिनं विचारलं.
अकरा वर्षं ती ओट्याशी उभ्यानंच जेवते,
हे मला ग्लास पुसता पुसता कळलं.

कुणीच राहत नाही असं दिसायला हवं,
आणि बघणाऱ्याला आज रात्रीच राहावंसं वाटायला हवं.
एवढ्यावर माझं पोट चालतं.

रविवारी मालकिणीनं थांबायचं नसतं.
बहिणीकडे जा, मी बजावलं होतं.
पावणेएकला दाराशी रांग,
बर्फ झटकत, बुटांवर निळी प्लास्टिकं चढवत,
आणि रांगेत सातवी ती. चांगला कोट, लिपस्टिक.
माझ्या हातून पत्रक घेतलं. आभार मानले.
मी काय बोलणार?

तिनं कपाटं उघडली. सगळेच उघडतात.
पलंगाच्या पांढऱ्या चादरीवर
तळहात जरा दाबून पाहिला.
"छान आहे," कुणाला तरी म्हणाली,
"पण कोण राहत असेल, कळत नाही."

स्वयंपाकघरात एक जोडपं कुजबुजत होतं,
मुलीच्या पोटावर कोटाचं बटण लागत नव्हतं.
अंधारी आहे ना ही खोली, ती म्हणाली.
माझे पाचही दिवे तिथंच उभे होते.

गुनवोरनं टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं,
दुसऱ्या आणि तिसऱ्या ताटाच्या मधे.
"सात फेब्रुवारीला, अकरा वाजून दहा मिनिटांनी
समोरच्या छपरावरून ऊन इथे उतरतं.
पहिल्या दिवशी चमच्याएवढंच.
मग वाढत जातं."

"तुम्हीपण घर बघताय?" मुलीनं विचारलं.
"हो," गुनवोर म्हणाली. "बघतेय."

मंगळवारी बोली थांबली. आकडा चांगला आला.
सोफा चौथ्या घरी गेला.

सात तारखेला मी नदीपलीकडे
दुसऱ्याच कुणाचे खिळे काढत होते.
अकरा दहाला हात आपोआप थांबला.
खिडकीबाहेर पाहिलं.
बर्फ पडत होता.