शेरा

तांडापेठ, घर क्रमांक एकतीस. दुपारचे दोन.
कूलरमध्ये पाणी नाही, नुसती गरम हवा.
पुष्पकला पराते, वय त्रेचाळीस,
मांडीवरच्या ब्लाउजला हुक लावत
मान वर न करता उत्तरं देते.

प्रश्न चौदा. कर्ज कशासाठी?
मी वाचते: आजारपण, शिक्षण, लग्न, धंदा, इतर.
"अन् कर्ज फेडाले काढलेलं कर्ज
कोणत्या खान्यात टाकता, मॅडम?"
इतर.
"मंग सगळं इतरच लिवा नं."

मंगळवारच्या गटाचे तीस हजार हिच्या नावावर.
वापरले शेजारच्या नसीमनं.
भांडी घासून झिजलेला नसीमचा अंगठा
मशीनला ओळखू येत नाही.
हप्ता तिचा, सही हिची.
मग हे कर्ज कोणाचं?
आता ती वर बघते.
"तिचंच हाय. पळाली तर माझं."

आमच्या फॉर्ममध्ये एका कर्जाला एकच माणूस.
तीन बैठका घालून ठरवलं होतं आम्ही,
चहा-बिस्किटांसकट.

उठताना विचारते, "तुमचं किती हाय?"
स्कूटी. लॅपटॉप. शिष्यवृत्ती फेब्रुवारीपासून आली नाही,
खोलीचं भाडं वहिनी भरते, दादाला न सांगता.
मी म्हणते, आहे थोडं.
"कशासाठी?"
आम्ही दोघी हसतो.

शेऱ्यासाठी खाली दोन बोटं जागा.
लिहिलं: डझनभर हुकांना चार रुपये.
खोडलं.
लिहिलं: नसीम.
तेही खोडलं, नाव लिहायचं नसतं.

घर क्रमांक बत्तीस.
कुलूप.
आज मंगळवार.