तुटक रेघ

विश्राम, तुझा फोटो मिळाला.
स्फाक्सचा कोट, अख्खा,
चर्यांचा एकही दात न पडलेला,
खाली मासळीवाल्याची छत्री, मागे पिवळट आभाळ,
ते तुझ्या खतकारखान्याचं की समुद्राचं, कळलं नाही.
तू लिहिलंस, आधी मातीचा होता म्हणे, मग दगडाचा झाला,
हजारावर वर्षं उभा आहे,
मधोमध मोठी मशीद, जशी आपली मांडवी.
आणि शेवटी, सहज :
"ताई, आपला कोट कुठं गेला गं?"

बत्तीस वर्षं मी महापालिकेत नकाशे काढले,
हे मला कोणी विचारलं नव्हतं.
पाडलेला कोट तुटक रेघेनं दाखवायचा, असा नियम :
पाच मिलिमीटर शाई, दोन मिलिमीटर काही नाही.
ते काही-नाही काढताना
हात जास्त स्थिर ठेवावा लागतो.

तर रविवारी टेप घेऊन निघाले.
लहेरीपुऱ्याला दरवाजा आहे, कमान आहे,
पण भिंतीनं खांदा द्यायचा तिथं
उजवीकडे बटणांचं दुकान, डावीकडे नुसती हवा.
पाहुणे उठून गेले तरी
पानाचं तबक धरून कोणी उभं राहावं, तसा उभा.

चांपानेर दरवाज्याशी रिक्षावाल्याला विचारलं,
भाई, इथली जुनी भिंत?
तो म्हणाला, "बेन, अंदर जवुं छे के बहार?"

बघ. भिंत नाही,
आत-बाहेर आहे अजून.
आपली कुमुदआत्या दांडिया बाजारात राहायची
आणि पिशवी उचलून म्हणायची, "जरा गावात जाऊन येते."
ती कुठून गावात जायची, हे आत्ता लक्षात आलं.

कोणी पाडला म्हणशील, तर एका कोणी नाही.
सुलतानांनी घातला, आपल्या लोकांनी घोड्यावरून येऊन घेतला,
मग रस्ता रुंद हवा, वारा खेळायला हवा, ताप जायला हवा,
म्हणून शहरानं तो उकाड्यात उसवून काढला.
बाह्या एकाकडे, अस्तर दुसऱ्याकडे,
कुणाच्या न्हाणीत विटा, कुणाच्या ओट्याखाली.
बटणं तेवढी चार राहिली,
त्यांच्यातून आता काहीच अडकवता येत नाही.

पाणीगेटच्या अलीकडे एक गल्ली आहे
(नाव लिहीत नाही, उद्या नोटीस लागायची).
तिथं रतनबेन घडियालींच्या स्वयंपाकघरात
मला तो भेटला.
कोनाड्यात हात घातला, कोपर गेलं, खांदा टेकला,
तरी बोटांना पलीकडचं ऊन लागेना.
भिंतीवर तीन वाकडे खिळे.
"काही टांगायला गेलं की खिळाच वाकतो," त्या म्हणाल्या,
"सासरे सांगायचे, ही भिंत आपली नव्हे. सांभाळायची फक्त."
कालथा त्यांनी दोरीनं खिडकीच्या गजाला बांधलाय.
मेमध्ये तिथंच पाठ टेकून कैऱ्या चिरतात,
थंडावा असतो म्हणे, विहिरीसारखा.

मी मापलं : सात फूट चार इंच, गिलावा धरून.
वीट चपटी, दोन बोटं जाड. चुन्यात कोळशाचे कण.
वहीच्या समासात लिहिलं,
नकाशात नाही.

परतताना मांडवीखाली थांबले.
एका खांबाला लोखंडी टेकू दिलाय,
कबुतरं आता त्या टेकूवरच बसतात.
इथून चारही दरवाजे दिसतात, असं अण्णा सांगायचे.
मला तीन दिसले.
गेंडीगेटच्या बाजूला टेम्पो उभा होता, गाद्यांनी भरलेला.
बराच वेळ वाट पाहिली. हलला नाही.

तू एक कर.
शुक्रवारी सुट्टीला बाब दीवानमधून आत जाशील तेव्हा
दगडावर हात ठेव, जमलं तर जाडी मोज.
कोणी हटकलं तर सांग, बडोद्याचा आहे, समजतील की नाही बघ.
आणि आतल्या एखाद्या घरात चहाला बोलावलं
तर भिंतीकडे पाहा हळूच,
तिथंही खिळे वाकतात का.